'लूट' : एका शब्दाचे देशांतर

बंगळूरच्या जुन्या किल्ल्याचा दिल्ली दरवाजा आणि भोवतालची थोडी तटबंदी आज शिल्लक आहे. याच खिंडारातून २१ मार्च १७९१ रोजी ब्रिटिशांनी हल्ला चढविला, असे तेथील शिलाफलक सांगतो. त्याच्या तीनच वर्षे आधी, १७८८ साली, लंडनच्या स्टॉकडेलने हिंदुस्थानी शब्दांचा एक कोश छापला होता. त्यात 'लूट' हा शब्द अर्थासह आढळतो.

शब्दाचे मूळ संस्कृत 'लुंठ्' या धातूकडे जाते. मराठी-हिंदीत 'लूट', कानडीत 'लूटी'. इंग्रजीला अशा शब्दांची वाण नव्हती. 'प्लंडर' जर्मनमधून आणि 'पिलेज' फ्रेंचमधून पूर्वीच आलेले होते. मग हा तिसरा कशाला? मला वाटते, तो प्रथम परक्याच्या कृत्यासाठी घेतला गेला. मराठ्यांच्या सुट्या घोडेस्वारांना कंपनीच्या लेखनात 'लुटी' म्हटलेले दिसते. हे नाव निव्वळ द्वेषाचे होते असेही म्हणवत नाही : १७९१ सालीच मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला होता.

स्वतःसाठी मात्र इंग्रजांजवळ 'प्राइझ' हा सभ्य शब्द होता. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले. त्या रात्री सैनिकांनी शहर धुऊन काढले. ते थांबविण्यासाठी आर्थर वेलस्लीला काहींना फाशी द्यावे लागले. पुढे टिपूचा खजिना दर्जाप्रमाणे वाटला गेला, ती मात्र कायदेशीर 'प्राइझ'! शिपायाने रात्री उचलले तो गुन्हा, सेनापतीने दिवसा मोजून घेतला तो हक्क. १८४१चे चीन-युद्ध, क्रिमिया आणि १८५७ यांच्या दरम्यान 'लूट' इंग्लंडात रुळली, असे 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६च्या कोशात नमूद आहे. तोवर हा शब्द गोऱ्या सैनिकाच्या स्वतःच्या कृत्यालाही लागू झाला होता.

या प्रवासात शब्दाचे अर्धे अंग मात्र इकडेच राहिले. मोहिमेवर निघण्याच्या दसऱ्याला आपण सोने लुटतो, तेथे बळाची आठवण तरी आहे. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुवासिनी वाण 'लुटते', तेव्हा ती कोणाचे काही घेत नाही, देत असते. हा अर्थ इंग्रजीत गेलाच नाही. बंगळूरच्या मराठी घरांतून मात्र तो दर जानेवारीत ऐकू येतो.