फराहबागेला ताजचे उसने मोठेपण कशाला?

फराहबागेविषयी एक गोष्ट नगरमध्ये इतक्या वेळा सांगितली जाते की ती खरी की खोटी, हा प्रश्नच कोणाला पडत नाही. शाहजहानने हा महाल पाहिला आणि त्यावरून त्याला ताजमहाल सुचला, अशी ती गोष्ट. सोलापूर रस्त्याला लष्कराच्या हद्दीजवळ उभी असलेली ही पडकी वास्तू जगातल्या सर्वांत प्रसिद्ध इमारतीची जननी ठरते, म्हटल्यावर नगरकराची छाती फुगणारच. पण अभिमान हा काही पुरावा नव्हे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू, कारण तो अगदीच पोकळ नाही. चौकोनाचे कोपरे छाटून केलेला अष्टकोन, दर्शनी बाजूंना उंच कमानी, त्यांच्या दोन्ही अंगांना दोन मजली कोनाडे, मध्ये घुमटाचे दालन आणि भोवती खोल्या, ही मांडणी फराहबागेत आहे आणि ताजमध्येही आहे. शाहजहानचा दख्खनशी निकटचा संबंध होता. ‘शाहजहान’ ही पदवीच त्याला 1617 च्या दख्खन मोहिमेनंतर मिळाली. मुमताज 1631 च्या जूनमध्ये वारली ती बऱ्हाणपुरात. नगरचा किल्ला मोगलांनी 1600 मध्येच जिंकला होता. या गोष्टीच्या समर्थकांना मी याहून चांगला मुद्दाही देतो. 1595 मध्ये नगरला वेढा घालणाऱ्यांत अब्दुर रहीम खानखानान होता. त्यानेच पुढे 1598 च्या सुमारास दिल्लीत आपल्या पत्नीसाठी मकबरा बांधला आणि ताजच्या पूर्वजांमध्ये त्याची गणना होते. नगर पाहून गेलेल्या माणसाने ताजची पूर्वपीठिका उभारली, असे कोणी म्हटले तर निदान वादाला रंग तरी चढेल.

पण हाही मुद्दा टिकत नाही. रहीमने बांधलेल्या मकबऱ्याचा नमुना दिल्लीतच, त्याच्या जवळ उभा आहे: हुमायूनचा मकबरा. मिराक मिर्झा घियास या स्थपतीचे ते काम 1570 च्या आसपास झाले. फराहबागेचा आजचा महाल पुरा झाल्याचे साल 1583 मानतात. म्हणजे ताजमध्ये दिसणारी मांडणी मोगलांच्या घरात फराहबागेच्या आधीच नांदत होती. तिचे मूळ आणखी मागे, इराण आणि मध्य आशियात जाते. मधले दालन आणि भोवती आठ दालने, या रचनेला तिकडे ‘हश्त बिहिश्त’, म्हणजे आठ स्वर्ग, म्हणत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तब्रीझमध्ये याच नावाचा राजवाडा होता. हुमायूनने तर नावा एकमेकींना जोडून यमुनेवर असा तरंगता महाल केल्याचे वर्णन त्याच्या काळच्या ख्वांदमीर या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. दोन घरांतल्या मुलांची नाके सारखी दिसली म्हणून एक दुसऱ्याचा बाप ठरत नाही; आजोबा एकच असू शकतो.

ताजला ताज करणाऱ्या गोष्टी फराहबागेत नाहीतच. दुहेरी कवचाचा फुगीर घुमट नाही, मिनार नाहीत, संगमरवर नाही. ताज बागेच्या टोकाला, नदीकाठी आहे. फराहबाग तलावाच्या मधोमध आहे. तो मकबरा, हा विलासमहाल. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने बादशाहनाम्यात ताजचे मोजमापांसह वर्णन केले आहे. त्या वर्णनात नगर कुठेही नाही.

मग नगरला ही मांडणी आली कुठून? माझ्या मते दिल्लीहून नव्हे. निजामशाहीच्या हाती चौलचे बंदर होते आणि चौलहून समुद्र थेट इराणच्या आखाताकडे जातो. त्या देशातून घोडे आले, कवी आले, कारागीर आले, शाह ताहीरसारखे विद्वान आले, ज्यांच्या प्रभावाने बुरहान निजामशहाने शिया पंथ स्वीकारला. दिल्लीची मध्यस्थी न घेता नगर स्वतःच्या बळावर इराणशी बोलत होते. ताजच्या गोष्टीत ही बाजू बुडते, आणि नगरचे खरे मोठेपण तर तिथेच आहे.

‘असेना का, लोक त्या निमित्ताने बघायला तरी येतात,’ असे म्हणणारे भेटतात. येतात खरे, पण ताज शोधायला येतात, त्यामुळे त्यांना समोर पडका ताज दिसतो. बांधून झालेला महाल नापसंत ठरून पाडला गेला आणि पुन्हा उभारला गेला, अशी या इमारतीची कथा आहे. ती कोणी सांगत नाही. मुर्तझा निजामशहा इथे एका गायकाबरोबर बुद्धिबळ खेळे, ही आख्यायिकाही मागे पडली. हा राजा एकांतात राहिला आणि कारभार सलाबतखानाने पाहिला. फराहबाग पुरी केली ती याच सलाबतखानाने. शाह डोंगरावरच्या त्याच्या कबरीला लोक चांदबिबी महाल म्हणतात, जरी चांदबिबीचा तिच्याशी काही संबंध नाही. बिचाऱ्याची कबर राणीच्या नावे गेली आणि महालाची कीर्ती बादशहाच्या खात्यावर.

या सगळ्यात सर्वांत जास्त नुकसान होते ते पाण्याच्या गोष्टीचे. नगर हा अवर्षणाचा मुलूख. अशा ठिकाणी महालाभोवती तलाव भरून ठेवायचा म्हणजे पाणी लांबून, उतार साधून, जमिनीखालच्या खापरी नळांनी आणणे आले. कापूरवाडी, शेंडी, वडगाव या बाजूंनी निजामशाहीत शहराला असेच पाणी मिळत होते. या विद्येत नगरला कोणाचा दाखला उसना घेण्याची गरज नाही. तेव्हा शिक्षकांना आणि वाटाड्यांना एवढीच विनंती: मुलांना फराहबागेत नेलेत तर आधी त्या कोरड्या तलावाच्या काठावर उभे करा आणि इथे पाणी कसे आले असेल ते विचारा. ताजमहाल त्यांना आग्र्यात दिसेलच.