सारंगखेड्याची मालवाहतूक : काल आणि आज

सारंगखेडा म्हटले की बाहेरच्या माणसास घोड्यांची यात्रा आठवते, आणि ते योग्यच आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेस एकमुखी दत्ताच्या दर्शनास लोटणारा जनसमुदाय व देशोदेशींचे घोडे ही या गावाची कीर्ती होय. परंतु या गावाचे दुसरे एक महत्त्व आहे, व ते वर्षाचे बाराही महिने टिकते. दक्षिणेस दोंडाईचा आणि उत्तरेस शहादा यांच्यामध्ये तापी ओलांडण्याचे हे ठिकाण. ज्याला माल न्यावयाचा, त्याला येथून जावे लागते. आपल्या ज्ञातीतील अनेक तरुणांनी अलीकडे कर्ज काढून लहान मालमोटारी घेतल्या आहेत. त्यांच्या हाती आलेला धंदा किती जुना आहे व तो कोणत्या नीतीवर उभा आहे, हे चार शब्दांत सांगावे, असे आम्हांस वाटले.

खानदेश हा मुळापासूनच वाटेवरचा प्रांत. सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा जुना व्यापारी मार्ग नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा जात असे. इंग्रज वकील टॉमस रो १६१५ मध्ये नंदुरबारावरूनच बऱ्हाणपुरास गेला. १७ व्या शतकातील फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये याने बंजाऱ्यांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. दहा-बारा हजार बैल धान्य अथवा मीठ पाठीवर घेऊन चालत, आणि अरुंद वाटेवर असा तांडा समोर आला तर प्रवाशास दोन-दोन, तीन-तीन दिवस खोळंबावे लागे, असे तो लिहितो.

पुढे सडका झाल्या व लमाणी बैलांची जागा गाडीने घेतली. २० व्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरत-भुसावळ लोहमार्ग झाला आणि दोंडाईचा स्टेशन जवळ आले. तरी शेतापासून स्टेशनापर्यंतची वाट बैलांचीच राहिली. पूल नव्हता तेव्हा गाडीवान पाण्याचा अंदाज घेऊन नदीत उतरत. त्यानंतर मोटार आली, पूल आला. साधने पालटली, काम मात्र तेच राहिले.

हे काम म्हणजे काय, ते एका जुन्या शब्दात सामावले आहे. तो शब्द ‘हुंडेकरी’. ठरावीक रकमेत जकातीसह सारा खर्च सोसून दुसऱ्याचा माल मुक्कामी पोचविण्याचे जो पत्करी, तो हुंडेकरी. वाटेतील अडचण ही त्याची अडचण. मालधन्याने त्याची चिंता करावयाची नसे. आजचा मालमोटार-चालक हा त्या हुंडेकऱ्याचाच वारस आहे. तो केवळ गाडी हाकीत नाही, तो परक्याच्या वर्षभराच्या श्रमांचा विश्वस्त असतो. ही गोष्ट ध्यानी धरली म्हणजे पुढील सूचना आपोआप पटतात.

जुना गाडीवान जू चढविण्यापूर्वी आखास वंगण आहे की नाही व चाकाची धाव घट्ट आहे की नाही, हे पाही. नव्या चालकाने तसेच चाकांतील हवा, ब्रेक, तेल, पाणी व मागील दिवे रोज पहाटे स्वतः पाहावेत. गाडी मागे भारी झाली तर तिला ‘उलाळ’ म्हणत, आणि उलाळ गाडीचे जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाई. लहान मालमोटारीतही हाच नियम आहे. मागील चाकांच्या पलीकडे वजन गेले की पुढची चाके हलकी पडतात व स्टेअरिंग हाताला लागत नाही. म्हणून जड पोती तळाशी व पुढे भरावीत. मात्र जो माल शेवटी उतरवावयाचा, तो आधी भरावा. मिरची वजनाने हलकी, पण तिची थप्पी उंच जाते; वळणावर अशी गाडी कलंडते. कापसाजवळ विडी पेटवू नये. पपई व केळी यांना खाली मऊ अंथरूण द्यावे व खड्ड्यात वेग आवरावा. तोरणमाळचा अथवा चांदशैलीचा घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी; केवळ ब्रेकवर विसंबू नये. उसाच्या दिवसांत रात्री दिव्यावाचून चालणाऱ्या ट्रॉल्यांपासून सावध असावे. गल्लीत गाडी मागे घेण्यापूर्वी खाली उतरून पाहावे. यात कमीपणा नाही.

कागदांविषयी उदासीनता नको. ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे. अधिक वजन भरल्यास मोटार वाहन कायद्यात, २०१९ च्या सुधारणेनुसार, २०,००० रुपये व जादा प्रत्येक टनास २,००० रुपये दंड आहे. गुजरातची सीमा आपल्यापासून दूर नाही. ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा करपात्र माल तिकडे नेताना ई-वे बिल जवळ असावे. पोती मोजून घ्यावीत, मोजून द्यावीत आणि पावतीवर सही घ्यावी.

एक गोष्ट मात्र आम्ही दुःखाने सांगतो. आमच्याच नात्यातील एका तरुणाने सायंकाळी शेतावरून परतताना भिडेखातर मजुरांना पोत्यांवर बसविले. गाडी कलंडली. दोघांस कायमचे अपंगत्व आले. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांव्यतिरिक्त मालगाडीत बसलेल्यांची जबाबदारी विमा घेत नाही, हे त्याला तेव्हा कळले. गाडी गेली, जमीन गहाण पडली. पण त्या दोन घरांसमोरून जाताना त्याची मान खाली जाते, हे त्याहून मोठे नुकसान आहे. जी भीड दुसऱ्याच्या जिवावर बेतते ती भीड नव्हे. ‘नाही’ म्हणावयास शिकणे हा या धंद्यातील पहिला धडा होय.

कर्जाचा हप्ता माणसास घाई करावयास लावतो, हे आम्ही जाणतो. म्हणून हप्त्यासाठी एक जादा फेरी रात्री मारण्याची पाळी तरुणांवर येणार नाही, असे पाहणे हे घरच्या वडीलधाऱ्यांचेही कर्तव्य आहे. पूर आला व पूल बंद झाला तर एक दिवसाचे भाडे बुडू द्यावे. जुना गाडीवान तापीचे पाणी उतरेपर्यंत काठावर बैल सोडून स्वस्थ बसे; त्याला कोणी भित्रा म्हटले नाही.

तरुण बांधवांनो, चाक लाकडाचे असो वा रबराचे, त्यावर चालते ती पतच. ती पूर्वजांनी मिळविली, आपण राखावी. आपली सर्वांची गाडी सुखरूप घरी येवो, हीच श्रीदत्तचरणी प्रार्थना.