पाचोळा ब्लोअर : वनगावांसाठी निवड व वापर

पाचोळा ब्लोअर : पंख्याने हवेचा वेगवान झोत निर्माण करून जमिनीवरची सुकी पाने, काटक्या व वाळलेले गवत बाजूला सारणारे, एका माणसाला वाहून नेता येण्याजोगे यंत्र. थंड देशांत घरासमोरचा बर्फ हटवण्यासाठी वापरले जाणारे यंत्र कामाच्या दृष्टीने याच्या जवळचे आहे. मात्र बर्फ जड असल्यामुळे त्या यंत्रात तो फिरत्या मळसूत्री पात्याने आत ओढून नळीतून दूर फेकावा लागतो, तर सुका पाचोळा नुसत्या हवेनेही हलतो. चंद्रपूर आणि 26 ऑगस्ट 1982 रोजी त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या जिल्ह्यांत वनकर्मचारी व गावकरी या यंत्राला ‘ब्लोअर’ असेच म्हणतात आणि त्याचा मुख्य उपयोग वणवा रोखण्यासाठी करतात.

पार्श्वभूमी : या भागातील साग, मोह, तेंदू, ऐन व धावडा यांची पानझडी वने हिवाळ्याच्या अखेरीपासून पाने गाळू लागतात. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून असा मानला जातो आणि त्यापूर्वी जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत कापून व नियंत्रितपणे जाळून मोकळा केलेला जमिनीचा पट्टा, तयार ठेवली जाते. मात्र पानगळ त्यानंतरही चालू राहत असल्याने साफ केलेली रेषा काही दिवसांतच पुन्हा पानांनी भरते. पुन्हा आग लावून ती साफ करणे भर उन्हाळ्यात धोक्याचे ठरते, म्हणून रेषा वारंवार झाडण्याचे काम ब्लोअरकडे आले आहे.

येथील बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचताना ती सहज दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो, तर तेंदूच्या झुडपांना भरपूर कोवळी पाने फुटावीत म्हणूनही आगी लावल्या जातात. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावच्या ग्रामसभेने 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर छाटणी व आग यांनी होणारी हानी टाळण्यासाठी तेंदूपानांच्या उत्पन्नावरच पाणी सोडले. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार गुन्हा आहे. परंतु कायद्याइतकाच उपयोग आगीशिवाय झाडाखालची जमीन मोकळी करण्याचे साधन हाताशी असण्याचा होतो.

रचना व प्रकार : ब्लोअरमध्ये इंजिन किंवा विजेची मोटर पंखा फिरवते आणि पंख्याने ओढलेली हवा निमुळत्या नळीतून बाहेर पडते. हातात धरायच्या ब्लोअरचे वजन साधारण 4 ते 5 किलोग्रॅम, तर पाठीवर घ्यायच्या ब्लोअरचे 9 ते 12 किलोग्रॅम असते. पाठीवरच्या यंत्राचे इंजिन 50 ते 80 घनसेंटिमीटर क्षमतेचे, म्हणजे हातातल्या यंत्राच्या दुपटीहून अधिक असते. बॅटरीवरील यंत्र कमी आवाज करते व धूर सोडत नाही. पण बॅटरी लवकर उतरते आणि जंगलात ती भरण्याची सोय नसते, त्यामुळे ते घर, अंगण व मोहाच्या झाडाखालच्या कामापुरतेच सोयीचे ठरते.

निवडीचे निकष : विक्रेता सहसा हवेचा वेग सांगतो, पण तेवढ्यावरून यंत्र पारखता येत नाही. झोताचा वेग जमिनीला चिकटलेले पान उचलतो, तर दर तासाला घनमीटरमध्ये मोजले जाणारे हवेचे आकारमान उचललेल्या पानांचा ढीग पुढे ढकलते. या दोहोंचा एकत्रित परिणाम न्यूटनमध्ये मोजलेल्या फुंकबळातून कळतो, म्हणून यंत्रांची तुलना त्यावरून करावी. सागाचे पान मोठे व खरखरीत असल्याने त्याचे थर दवाने दबून बसतात, म्हणून सागवनासाठी पाठीवरचे यंत्र हवे आणि काम दव ओसरल्यावर सुरू करावे. बांबूची बारीक पाने बेटांच्या बुडाशी अडकतात, तेथे चपट्या तोंडाची नळी उपयोगी पडते.

दुसरा निकष वजनाचा आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाच्या आधारे आगीची सूचना येते, पण आगीपर्यंतची वाट बहुधा पायीच तुडवावी लागते. भर उन्हात, चढावर, पाण्यासह नेता येईल एवढेच यंत्र खरे कामाचे. तिसरा निकष देखभालीचा आहे. दोन-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. 50:1 प्रमाण सांगितले असेल तर लिटरमागे 20 मिलिलिटर आणि 25:1 असेल तर 40 मिलिलिटर. या मापात चूक झाल्यास इंजिन निकामी होते, म्हणून सुटे भाग व दुरुस्ती तालुक्याच्या गावी मिळेल असेच यंत्र घ्यावे. धुराच्या नळीत ठिणगीरोधक जाळी असणे अनिवार्य मानावे.

वापर व मर्यादा : जळत्या आगीसमोर ब्लोअर एकट्याने चालवू नये. पुढचा माणूस पाचोळा जळून गेलेल्या बाजूला सारून पट्टा मोकळा करतो व मागचे लोक ओल्या फांद्यांनी उरलेली आग झोडपून विझवतात. झोताची दिशा चुकली तर तोच झोत निखाऱ्यांना हवा देतो आणि ठिणग्या रेषेपलीकडे नेतो. म्हणून ब्लोअर जमिनीलगत पसरणाऱ्या कमी उंचीच्या आगीसाठीच योग्य असून ज्वाला उंच असताना मागे हटून दूरवर रेषा काढणे श्रेयस्कर असते. कानाजवळ आवाज सुमारे 100 डेसिबलपर्यंत जात असल्याने कानबंद, चष्मा, जाड सुती कपडे व बूट आवश्यक आहेत. पेट्रोल भरण्यापूर्वी यंत्र बंद करून थंड होऊ द्यावे व ते आगीपासून दूर, उघड्या जमिनीवर भरावे.

एकट्या घराच्या अंगणासाठी खराटा व दाताळे पुरेसे असतात आणि मोहाखाली जाळी अंथरली तर फुले वेचण्यासाठी जमीन साफ करावी लागत नाही. वर्षातले चार महिने लागणारे पाठीवरचे यंत्र ग्रामसभेने किंवा संयुक्त वनव्यवस्थापन समितीने सामाईक घेणे, ते चालवण्यासाठी गावातील दोघा-तिघांना शिकवणे आणि फेब्रुवारीपूर्वी ते सुरू करून पाहणे हीच योग्य निवड होय. कारण आग लहान असतानाच जागेवर पोहोचलेले मध्यम ताकदीचे यंत्र उशिरा पोहोचलेल्या शक्तिशाली यंत्राहून अधिक जंगल वाचवते.