फवारणीपूर्वी वारा मोजा : घरच्या घरी बनवा वाऱ्याचा वेगमापक

उसात २,४-डी तणनाशक फवारताना वारा शेजारच्या कपाशीकडे वाहत असेल, तर थोडेसे तुषार उडाले तरी कपाशीची पाने आक्रसून लांबट होतात. द्राक्ष, टोमॅटो व भेंडी ही पिकेही संवेदनशील आहेत. अशा इजेवर उतारा म्हणून औषध नाही. त्यामुळे ‘वारा फार नाही’ या अंदाजावर न जाता वेग मोजूनच पंप उचला.

साहित्य
• साधारण ७ सेंमी व्यासाचे प्लास्टिकचे दोन हलके चेंडू
• ३२ सेंमी लांबीच्या दोन बांबूच्या कामट्या
• रिकाम्या बॉलपेनची नळी, तिच्यात सैल बसणारा लांब खिळा, दोन वॉशर
• दीड मीटर काठी

जोडणी
१. चेंडू मधोमध कापून चार वाट्या करा.
२. कामट्या अधिकच्या चिन्हासारख्या घट्ट बांधा. मध्यभागी भोक पाडून पेनची नळी उभी चिकटवा.
३. प्रत्येक टोकाला एक वाटी आडव्या तोंडाने बसवा. चारही वाट्यांची तोंडे फिरण्याच्या एकाच दिशेने हवीत. मोजणीसाठी एक वाटी लाल रंगवा.
४. नळीच्या वर व खाली वॉशर ठेवून खिळा काठीच्या टोकात ठोका. हलक्या फुंकरीने चक्र फिरले पाहिजे.

प्रमाण ठरवणे
प्रत्येक चक्र वेगळे फिरते, म्हणून ही पायरी टाळू नका. वारा पडलेला असताना मोकळ्या, रहदारी नसलेल्या रस्त्यावर १०० मीटर अंतर मोजा. दुचाकीवर मागे बसलेल्याने यंत्र चालकाच्या डोक्यापेक्षा उंच धरावे. हे अंतर ३६ सेकंदांत, म्हणजे ताशी १० किमी वेगाने पार करा आणि लाल वाटीचे फेरे मोजा. तसेच उलट दिशेने येऊन दोन्हींची सरासरी काढा. ३६ सेकंदांत तेवढे फेरे म्हणजे वारा ताशी १० किमी.

शेतातील वापर
यंत्र नोझलच्या उंचीवर, झाडांच्या आडोशापासून दूर धरा. ३६ सेकंदांची मोजणी तीनदा करून सर्वांत जास्त आकडा धरा. तुमची सरासरी ३० फेरे असेल तर :
• ९ पेक्षा कमी (ताशी ३ किमीच्या आत) : थांबा. पहाटे वा सायंकाळी हवा स्थिर असताना बारीक थेंब तरंगत राहून दूर जातात.
• ९ ते ४५ (ताशी ३ ते १५ किमी) : फवारणी करता येईल.
• ४५ पेक्षा जास्त : फवारणी बंद ठेवा.

वेग योग्य असला तरी वारा संवेदनशील पिकाकडे, वस्तीकडे किंवा पाणवठ्याकडे वाहत असेल तर फवारू नका. काठीला दोरा बांधला की दिशा कळते. दर अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. लेबलवर वाऱ्याची मर्यादा दिली असल्यास तीच पाळा.