जंजिऱ्याचं नाणं आणि देव्हाऱ्यातली डबी

आम्ही जुन्नर तालुक्यातल्या आणे गावच्या बचत गटाच्या बाया. तालुक्याच्या एका टोकाला आमचं आणे, तर दुसऱ्या टोकाला नाणेघाट. सोळा आण्यांचा रुपया १ एप्रिल १९५७ पासून शंभर पैशांचा झाला, पण आमच्या गावाचं नाव तेच राहिलं. म्हणून जुन्या नाण्यांवर बोलायचा पहिला मान आमचा, असं आम्ही गमतीनं म्हणतो.

विषय निघाला मासिक बैठकीत. एका ताईंच्या सासूबाईंनी देव्हाऱ्यातल्या डबीत तांब्याचा जाड पैसा जपून ठेवला होता. भाच्यानं त्याचा फोटो मोबाईलवर टाकला आणि फोन आला, "हा जंजिऱ्याचा आहे. दोन लाख देतो. आधी टॅक्सचे तीन हजार भरा." ताईंनी गटाच्या कर्जातले तीन हजार पाठवले. पुन्हा तो नंबर लागलाच नाही. तेव्हा आम्ही ठरवलं, निदान जंजिऱ्याचं नाणं म्हणजे काय ते तरी समजून घेऊ.

जंजिरा म्हणजे रायगड जिल्ह्यात मुरूडजवळ समुद्रात उभा असलेला किल्ला. अरबीत बेटाला जझीरा म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. तिथं राज्य होतं सिद्द्यांचं. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, म्हणून त्यांच्या मुलखाला हबसाण म्हणत. छत्रपती शिवाजी महाराजांनी जंजिरा घ्यायचे प्रयत्न केले, जवळच पद्मदुर्ग बांधला. संभाजी महाराजांनीही वेढा घातला. पण बेट हाती आलं नाही.

या बेटाचा आपल्या जुन्नरशी जुना संबंध आहे. निजामशाही उभी राहिली ती जुन्नरमधून, मलिक अहमदच्या हातून. कोकणातलं दंडा-राजपुरी त्याच राज्यात गेलं आणि त्याच्यासमोरच हे बेट आहे. पुढं निजामशाहीचा कारभार सांभाळणारा मलिक अंबरही सिद्द्यांसारखाच आफ्रिकेतून आलेला. त्यानंही काही काळ जुन्नरला राजधानी ठेवली होती.

जंजिऱ्याची स्वतःची टांकसाळ होती. नाणं पाडायचा हक्क म्हणजे राजेपणाची खूण. पण त्या नाण्यांत चांदी कमी, भेसळ जास्त. १८३४ साली इंग्रजांनी जंजिरा आपल्या सत्तेखाली असल्याचं जाहीर केलं आणि ती टांकसाळ बंद केली. नवाब गादीवर राहिले, नाणं मात्र गेलं. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झालं. म्हणून जंजिऱ्याचं नाणं जमवणारा माणूस नुसती चांदी किंवा तांबं जमवत नाही. एका बेटावरच्या राज्याची साक्ष तो सांभाळतो.

आता आपल्या कामाचं. जुनं नाणं चिंचेनं, राखेनं किंवा पावडरीनं घासू नका. घासलं की अक्षरं झिजतात आणि जाणकाराच्या लेखी किंमत उतरते. मऊ कापडात गुंडाळून ठेवा. ते कुणाकडून आलं, कोणत्या गावातून आलं, हे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. नांगरताना किंवा पाया खणताना जमिनीत नाणी सापडली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीच्या ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. आणि जुन्या नाण्यासाठी कुणी आधी पैसे मागितले, तर देऊ नका. २०२१ साली रिझर्व्ह बँकेनंच सांगितलंय की, तिच्या नावानं कमिशन किंवा टॅक्स मागणारे लोक फसवे आहेत. नाणं दाखवायचंच असेल, तर नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांचा अभ्यास करणारी संस्था आहे.

ताईंना आम्ही कुणी बोल लावला नाही. हप्त्याला तीन महिन्यांची मुदत वाढवून दिली. सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "माझ्या आईनं दिलेला पैसा आहे. विकायचा कुणी सांगितला होता?" त्यांचं बोलणं आम्ही चिठ्ठीवर लिहिलं, तारीख घातली आणि पैसा चिठ्ठीसकट डबीत ठेवला.

तुमच्याही घरात अशी डबी असेल. आज संध्याकाळी उघडा. घरातल्या म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवून विचारा, हे कुठून आलं? सांगणारी आहे तोवर लिहून घ्या.