समासातली नोंद

आमच्या पारनेरकडच्या नातेवाइकांत २०२३ पासून एक शब्द भलताच रुळलाय - 'गाव नमुना १४'. कुणबी नोंदी शोधायच्या मोहिमेत जुनी कोतवाल बुकं बाहेर निघाली आणि घरोघरी मोडी वाचणाऱ्याची शोधाशोध सुरू झाली. कोतवाल बुक म्हणजे जन्ममृत्यूचं रजिस्टर. नोंद अगदी आटोपशीर असते : तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. बाळाचं नाव पुष्कळदा नसतंच, कारण बारशाच्या आधीच वर्दी गेलेली! एकूण वहीला प्रश्न एकच पडलेला, हे मूल कुणाचं?

मग आईबापाचं लग्नच मागाहून झालं असेल तर?

हा प्रश्न माझा नाही, एका भाच्याचा आहे. तो इंग्लंडात असतो. मुलगी आधी झाली, लग्न नंतर (त्याच्या परवानगीनं लिहितोय, काकू मंडळींनी त्याला फोन करू नये). तिकडे अशा वेळी मुलाच्या जन्माची पुन्हा नोंद करायची असते, लग्नानंतर तीन महिन्यांच्या आत. नवी नोंद, नवा दाखला. इंग्रजांनाही हे सुचायला फार वेळ लागला. १२३६ साली मर्टनला तिथल्या सरदारांनी 'लग्नाआधीचं मूल लग्नानं औरस होणार नाही' असं ठणकावलं होतं. ते बदललं १९२६ च्या कायद्यानं, १ जानेवारी १९२७ पासून. तर भाचा विचारत होता, "मामा, आपल्याकडे काय?"

आपल्याकडे सरळ उत्तर नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानं लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल औरस मानलं, आणि आताच्या २०२३ च्या कायद्यातही ते तसंच आहे. म्हणजे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जन्मलेलं बाळ औरस, आदल्या दिवशी जन्मलेलं नाही. एका रात्रीचा फरक!

दुसऱ्या बायकोच्या मुलांची कथा तर आणखी विचित्र. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला १९४६ च्या कायद्यानं बंदी आली. पण संसार काही कायदा विचारून होत नाहीत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सोळावं कलम आलं : अशा रद्दबातल लग्नातलं मूल औरस. पण केव्हा? तर कोर्टानं ते लग्न रद्दबातल असल्याचा हुकूमनामा दिला असेल तेव्हा! मुलाला नाव मिळावं म्हणून कुणीतरी आधी कोर्टात जाऊन त्याच्या आईबापाचं लग्न मोडीत काढायचं. हे मी दोनदा वाचलं, मग एका वकील मित्राला विचारलं. तो हसला आणि म्हणाला, खरंय. १९७६ साली ही अट गेली. वडिलोपार्जित जमिनीत अशा मुलांना काय मिळणार यावर मात्र भांडणं चालूच राहिली. आईबापाच्या वाट्याला जे येईल त्यात त्यांचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं दिला तो १ सप्टेंबर २०२३ ला. पारनेरसारख्या कोरडवाहू मुलखात दोन एकरांसाठी पिढ्या कोर्टात जातात, तिथे सत्तेचाळीस वर्षं म्हणजे किती, ते आपण जाणतोच.

भाच्याच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारी तरतूद मला १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात सापडली. पूर्वी विधी करून लग्न झालंय, नवराबायको म्हणून एकत्र राहताय, तर ते लग्न या कायद्याखाली नोंदवता येतं. त्या वेळी विधीनंतर जन्मलेल्या मुलांची नावंसुद्धा लग्नाच्या वहीत लिहितात. ती मुलं औरस, आणि नुसती आजपासून नाही, तर पहिल्यापासूनच तशी होती असं कायदा मानतो. जन्माच्या वहीनं जे केलं नाही ते लग्नाच्या वहीनं केलं. पण अट विधीनंतरच्या जन्माची, त्यामुळे भाच्याची लेक यातही बसत नाही.

ती बसली असती गोव्यात. तिथे १८७० पासून लागू झालेल्या पोर्तुगीज नागरी संहितेत आईबापांनी आपलं म्हणून मान्य केलेलं लग्नाआधीचं मूल त्यांच्या लग्नानं औरस होतं. गोवा १९६१ ला मुक्त झाला, पुढे पोर्तुगालनं ती संहिता बदलली, गोव्यात मात्र कुटुंबापुरती जुनीच राहिली.

उरलेल्या देशात जन्मनोंदणी १९६९ च्या कायद्यानं चालते. त्याच्या पंधराव्या कलमात चुकीच्या नोंदीचं काय करायचं ते सांगितलंय. मूळ ओळ खोडायची नाही, तिच्यावर गिरवायचंही नाही. बाजूला समासात दुरुस्ती लिहायची, निबंधकानं सही करायची आणि त्या दिवसाची तारीख घालायची.

'आईबापाचं लग्न झालं' ही मात्र चूक नव्हे. त्यामुळे तेवढ्यासाठी समासातसुद्धा जागा नाही. भाच्याला तसंच कळवलंय.