कथलाच्या चपट्या सैनिकाचा निवाडा

१/ उंची तीन सेंटीमीटर, जाडी जेमतेम एक मिलिमीटर. न्यूरेंबर्गच्या योहान गॉटफ्रीड हिल्पर्टने १७७७ मध्ये फ्रेडरिक द ग्रेटची चपटी आकृती कथलात ओतली आणि खेळण्याला इतिहासाचा चेहरा मिळाला.

२/ १८३९ मध्ये त्याच शहरात एर्न्स्ट हाइनरिख्सनचा कारखाना निघाला. साचे पाटीच्या दगडात उलटे कोरलेले, विक्री चक्क वजनावर! रंगकाम घरोघरी, नगावर मजुरीने. त्यात बायका-मुलेही राबत. तीन-चार रंगांचे फटकारे मारले की सैनिक तयार.

३/ आज प्रदर्शनातील परीक्षक याच आकृतीपुढे भिंग घेऊन बसतो. भरीव पुतळ्यावर नाकाची सावली दालनातला दिवाच पाडतो. चपट्या आकृतीत ती रंगाऱ्यालाच रंगवावी लागते. म्हणून पहिला प्रश्न असा: प्रकाश कोठून येतो? शिरस्त्राण डावीकडून उजळले आणि घोड्याची छाती उजवीकडून, तर गणवेशाची बटणे कितीही अचूक असोत, भ्रम मोडतो. रंगाचा थर जाड झाला तर कोरीव रेषाच बुजते.

४/ अनेक प्रदर्शनांत ‘खुली पद्धत’ असते. स्पर्धकांची आपसांत तुलना न करता प्रत्येक काम ठरलेल्या दर्जाशी ताडतात. त्यामुळे सुवर्णपदके अनेकांना मिळू शकतात, किंवा एकालाही नाही. पद्धत न्याय्य खरी, पण पदक रंगाऱ्याचे. ज्याने दगडात घोड्याची शीर न् शीर कोरली, त्याची आद्याक्षरे असलीच तर पायाच्या पट्टीवर, आणि तिच्यावर बहुधा गवत रंगवलेले असते.